पाहुणचार

अमरावतीहून टेम्पो घेऊन आलेल्या माणसाने सुभद्राबाईंच्या अकोल्यातल्या केमिकलच्या दुकानात अॅसिटोनचे ड्रम बिनबिलाचे मागितले. "जिनिंगले लागते," म्हणाला. सरकी काढायला अॅसिटोन लागत नाही, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल! पण बाईंनी मान डोलावली, आत जाऊन पोलिसांना फोन केला आणि वरून चहा मांडला. एक झाला, दुसरा झाला.

"बाई, मले उशीर होऊन राह्यला," तो उठला, तोच दारात पोलिसांची जीप थांबली.

बाईंनी बुंदीची प्लेट त्याच्यापुढे आदळली.

"असल्याच अॅसिटोनात बनवलेल्या नशेच्या पुड्या माह्या पोराले, विपुलले, तुमीच देत होते न, भाऊ? त्याच्या तेरवीचं जेवण राह्यलं तुमचं."