फाकणाऱ्या गोळ्या

वेसलनं निशाणाचा कागद टेबलावर टाकला आणि हात धुवायला गेला.

आलिडानं कागद उजेडाकडे धरला. एक भोक वर डावीकडे, एक पार खाली, तिसरं तर अगदी कडेला. तिन्हींवर मिळून तिचा पंजासुद्धा पुरला नसता.

"जड गोळीनंही तेच?"

"बघतेयस ना."

"वारा असेल."

"गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं."

तिनं कागद चुरगळून शेगडीत टाकला. शंभर मीटरवर ही गत, तर काटेरी झुडपांआडून डोकावणाऱ्या कुडू हरणावर काय नेम लागणार?

काडतुसं भरायचं हातयंत्र हानोचं. त्यांच्या या मुलाची गाडी गेल्या वर्षी फाट्याजवळच्या खडीच्या रस्त्यावर उलटली आणि तो गेला, तेव्हापासून ते यंत्र गोदामात धूळ खात पडलं होतं. शिकारीचा हिवाळा तोंडावर आला तसं वेसलनं ते आणून स्वयंपाकघरातल्या टेबलाला स्क्रूनं आवळलं. "माझ्या जाड बोटांना हे बारीक काम जमत नाही," तो म्हणाला होता. "हानोला तूच शिकवलंस. मलाही एवढी भरून दे."

कितीतरी दिवसांनी अंथरूण सोडलेल्या आलिडाला वाटलं होतं, एका दुपारचं काम. तिचे वडील आउट्यो गावाच्या बाजूला सगळ्या पंचक्रोशीची काडतुसं भरायचे. या कामातच ती लहानाची मोठी झालेली.

आधी तिनं हलकी, शिशाच्या गाभ्याची गोळी घेतली. नेम सोडून फाकली. दारू किंचित कमी केली. फाकली. अख्ख्या तांब्याची गोळी घेतली. तांब्याच्या गोळीला नळीतल्या आट्यांपासून थोडं अंतर लागतं, म्हणून ती काडतुसात जरा खोल बसवली. तरी फाकली. मग तिनं रायफलच हातात घेतली. नळीतलं तांब्याचं हिरवं किटण चिंधी पांढरी निघेपर्यंत घासून काढलं. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. कुठे अडकली नाही. रायफलीत खोट नव्हती. म्हणजे खोट तिच्या काडतुसात.

अंगाचा तिळपापड व्हायचा. पहाटे डोळा उघडला की पहिला विचार दारूच्या वजनाचा. तराजूवर कण कण टाकताना चुलीवरची लापशी करपायची. विंडहुकच्या दुकानदाराला तर फोनवर तिनं असं झापलं, की दुसऱ्या वेळी त्यानं फोन बायकोकडे दिला.

इकडे हिवाळा सरत चालला. मांस सुकवायच्या खोलीतले आकडे रिकामेच लोंबत होते. वेसल कुडूवर चाप ओढायला तयार नव्हता.

"पोटात गोळी लागून बिचारा दोन दिवस काट्यात तडफडायचा," तो म्हणायचा. "काडतूस नीट होऊ दे, मग बघू."

शेजारच्या शेतावरचे फान काका एका सकाळी कुडूची तंगडी खांद्यावर टाकून आले.

"घ्या. यंदा शेजाऱ्याच्या शिकारीवरच दिवस काढायचा बेत दिसतोय तुमचा!" त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "पोरी, काडतुसात दारूच भरतेस ना? का मक्याचं पीठ?"

"काका, तंगडी ठेवा आणि चालू लागा!"

"अगं, चिडतेस काय! तुझे वडील म्हणायचे..."

"वडिलांचं नाव काढलंत तर ही तंगडीच फेकून मारीन."

काका खो खो हसत निघून गेले. वेसल खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"तूही हसून घे," आलिडा म्हणाली. "तुला काय! जायचं, तीन बार काढायचे आणि कागद आणून माझ्या तोंडावर टाकायचा."

"एवढा त्रास होत असेल तर राहू दे. विकतची आणतो."

"विकतची? या घरात? मी मेल्यावर आण."

त्या दिवशी तिनं सगळं मुळापासून केलं. एकाच वजनाच्या गोळ्या निवडल्या. प्रत्येक काडतूस टेबलावर घरंगळवून बघितलं. जरा डगमगलं की बाजूला. दुसऱ्या सकाळी वेसल ती खिशात घालून कोरड्या नदीकडे गेला.

आलिडा घरात येरझारा घालू लागली. याही फाकल्या तर? नाही, आज आपण स्वतः बघायचं. तिनं जुन्या गाडीची किल्ली घेतली आणि निघाली. ज्या खडीच्या रस्त्याचं वर्षभर तिनं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच रस्त्यानं आपण भरधाव चाललो आहोत, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातही आलं नाही.

वेसल नदीच्या वाळूत पालथा पडला होता. कानांवर जाड झाकणं होती, त्यामुळे गाडीचा आवाज त्याला कळला नाही. ती काठावर थांबली आणि गाडीतली दुर्बीण डोळ्यांना लावली.

तीन बार झाले.

कागदाच्या मधोमध तिन्ही भोकं एकमेकांत मिसळली होती. वर नाणं ठेवलं असतं तर झाकली गेली असती.

ती हाक मारणार, तोच वेसल उठला. निशाणाजवळ गेला, कागद काढला, नीट घडी घालून खिशात ठेवला. तिथे कोरा कागद टाचला. परत येऊन पालथा झाला, नळी जराशी डावीकडे सरकवली आणि बार काढला. भोक कोपऱ्यात पडलं. मग नळी खाली झुकवली.

आलिडा उतार उतरून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. तिची सावली हातावर पडली तसा तो दचकला. त्यानं कानांवरची झाकणं काढली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या काडतुसापासून."

"सगळा हिवाळा, वेसल! वेड लागायची पाळी आली माझ्यावर. का केलंस असं?"

वेसलनं रायफल बाजूला ठेवली. हातावरची वाळू झटकली.

"पहिल्याच दिवशी 'जमलं' म्हणालो असतो," तो म्हणाला, "तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठली असतीस?"