लेन्समधली बुरशी

तिसऱ्या रोलचा फोटो धुऊन निघाला, तरी पुन्हा तीच बाई! केळुसकरांनी तो न्हाणीघरातल्या दोरीवर चिमट्याने अडकवला आणि ते चक्रावून बघत राहिले. फोटो त्यांच्या बायकोचा, प्रभावतीचा. साडी तिची, मागची जास्वंद तिची. चेहरा मात्र भलत्याच कुणाचा. गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली.

पहिल्या खेपेला त्यांनी लेन्सला बुरशी लागली असं धरून लेन्स बदलली. दुसऱ्या खेपेला डेव्हलपरचं रसायन शिळं ठरवून नवं कालवलं. चाळीस वर्षांच्या छंदात असं कधी झालं नव्हतं.

ओला फोटो घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. "अगं, हा कॅमेरा खुळावलाय."

ओट्यापाशी प्रभावती उभी होती, भरल्या गालांची, टवटवीत. तिने हात पुसून फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"कॅमेरा बरोबर आहे. मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही डोळ्यांत ती नवी भिंगं बसवून घेतलीत ना, माणसं ताजीतवानी दाखवणारी? त्यांना समोरचं माणूस सजवता येतं, कागदावरचं नाही."

"म्हणजे?"

"सहा महिने आजारी आहे मी. तुम्ही रोज म्हणायचात, छान दिसतेस. मग मला सांगवेना."

केळुसकरांनी बिचकत तिच्या गालाला हात लावला. डोळ्यांना गाल गुबगुबीतच दिसत होता. बोटांना हाड लागलं.