बारशाची हौस

“औषध आहे हो, पण तुमच्या मुलीच्या डोळ्यांपर्यंत पोचणारच नाही,” डॉक्टर तांबट म्हणाल्या. “ते विषाणूच्या रिकाम्या कवचात भरून धाडावं लागतं. त्या कवचाची प्रथिनं शरीर एकदाच आत घेतं. पुढच्या वेळी ओळखून दारातच मोडून टाकतं. तिच्या रक्ततपासणीत तीच ओळख दिसतेय. तिला आधी कधी असं कवच टोचलंय?”

“बारशाला,” हेमंत पुटपुटला.

“कुठल्या आजारावर?”

आजार कसलाच नव्हता. बायको नको नको म्हणत असताना त्यानेच हट्टाने तान्ह्या लेकीला सुई देववली होती, गालाला खळी पडावी म्हणून.

बाहेर बाकावर बसलेली शाल्मली त्याची पावलं ओळखून उठली. “बाबा, मला परत दिसेल ना?”

“दिसेल,” तो म्हणाला.

ती खुदकन हसली. गालाला सुरेख खळी पडली. हेमंतला ती बघवेना.