सिलॅबसची गोष्ट

नव्या बाईंनी आल्या आल्या फळ्यावर 'धडा पहिला' लिहिलं. मावशीला इतकं बरं वाटलं की तिनं बाकाखाली चपला काढून टाकल्या. दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून रात्रशाळेतही मावशीच. दिवसभर वॉर्डात लाद्या पुसून थेट इथं. पाय नुसते ठणकत होते. यंदा दहावी निघाली तरच नोकरी कायम होणार. पुढच्या वर्षी वय आडवं येणार.

"बाई," मागून वेल्डर बोलला. तो तिचा दीर. "आधी सिलॅबसची गोष्ट असते."

"कसली गोष्ट?"

"तो शब्द कुठून आला त्याची. म्हातारे सर दर वर्षी पहिल्या दिवशी सांगायचे."

मावशी वळून फिस्कारली, "भाऊजी, गप बसा ना! शिकवू दे की त्यांना."

"अहो वहिनी, बाईंना माहीत नको?"

वर्ग सगळा नापासांचा. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. बाई खडू धरून उभ्या राहिल्या, आणि वेल्डरला रान मोकळं मिळालं. पूर्वी म्हणे पुस्तकं नसायची, गुंडाळ्या असायच्या. सगळ्या दिसायला सारख्या. आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येकीला एक कापडाची पट्टी...

"चामड्याची," मावशी म्हणाली. राहवलंच नाही तिला.

"कापडाची हो."

"चामड्याची! सर बोट लोंबतं धरून दाखवायचे. गुंडाळीच्या टोकाला चामड्याची पट्टी, तिच्यावर नाव. ती पट्टी म्हणजे सिलॅबस." आपण उभ्या कधी राहिलो, तेही अनवाणी, तिचं तिला कळलं नाही. "आणि मूळ शब्द वेगळाच होता, ग्रीक लोकांचा. कुणीतरी उतरवून घेताना चुकलं. मग पुढचे सगळे तेच उतरवत बसले."

"आणि चूकच चालू राहिली," वर्ग एका सुरात म्हणाला. सर शेवटी असंच म्हणवून घ्यायचे. कोपऱ्यात पेंगणारा टेम्पोवालासुद्धा डोळे मिटूनच म्हणाला.

बाई हसल्या. आवडलं होतं त्यांना, खरंच.

"छान! म्हणजे इथपर्यंत पक्कं आहे सगळ्यांचं." त्यांनी पुस्तक उघडलं. "मग याच्या पुढे सर काय शिकवायचे? तिथूनच धरू."

मावशीनं वेल्डरकडे बघितलं. वेल्डरनं खिडकीकडे. कुणीतरी पेनाला टोपण लावलं.

"सांगा ना मावशी. पुढे?"

"पुढे?" मावशी हळूच खाली बसली. "पुढे सर दमायचे."