गंगेचा गडू

राख तिसऱ्यांदा घाटाच्या पायरीवर परत आली, तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "आयुष्यभर हे कुणात मिसळले नाहीत. आता मिसळायला निघाले, तर नदीच नको म्हणते."

अभयने वडिलांची राख पुन्हा ओंजळीत गोळा केली. ती कोरडी होती. नदी परत घाण होऊ नये म्हणून तिच्या पाण्याचा भिजवण्याचा आणि विरघळवण्याचा गुणच शास्त्रज्ञांनी काढून घेतला होता. पाणी आरशासारखं झालं, आणि पडेल ते काठाला आणून ठेवू लागलं.

"घरी न्या, काकू," आठल्ये गुरुजी म्हणाले. "आमचे तीर्थरूपही फडताळातच आहेत, डाळीच्या डब्याशेजारी."

द्वारकाबाईंनी पिशवीतून गंगेचा गडू काढला. जुन्या काळी सासूबाईंनी काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला. मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचा घोट घालायचा म्हणून जपलेला. यजमानांच्या वेळीही तो फोडला नव्हता. "तुला राहू दे," असं तेच म्हणाले होते.

त्यांनी दगडाने गडूचं तोंड फोडलं आणि ते जुनं पाणी राखेच्या मडक्यात ओतलं. राख भिजली, काळसर झाली, पाण्यात मिसळली. पिंपळाच्या मुळाशी ओतताच मातीने ती पिऊन टाकली.

अभयने रिकामा गडू हातात घेतला. "आणि तुझ्या वेळेला गं, आई?"

"तेव्हा तू रड थोडा. त्या पाण्यात अजून मीठ विरघळतं."