नावबहिणी

"ओळखपत्रं आणलीत ना सगळ्यांनी?" मोठीनं विचारलं आणि टेलरच्या हातातलं पुस्तक उलटं झालं.

ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलाशी चौघी बसल्या होत्या. चौघींचं नाव एकच, म्हणून तर हा गट. त्या नावाच्या बायकांनी लिहिलेली किंवा त्या नावाच्या बायका-मुलींवर लिहिलेली पुस्तकंच वाचायची, दुसरं काही नाही. एका वैमानिक बाईचं आत्मचरित्र झालं, कावळा पाळणाऱ्या मुलीची गोष्ट झाली. लेखिकेचं नाव जुळत होतं म्हणून विहिरींच्या दुरुस्तीवरचं एक पुस्तकही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. नियम म्हणजे नियम.

नावानं हाक मारली तर सगळ्याच एकदम वळतील, म्हणून मोठीनं टोपणनावं वाटून टाकली होती. दात काढणारी ती डॉक्टरीण, बसमध्ये तिकिटं देणारी ती कंडक्टर, शिवणकाम करणारी ती टेलर. मोठी स्वतः निवृत्त मुख्याध्यापिका. तिला काय म्हणायचं हे तिनं कुणाला विचारलंच नाही.

टेलरची अडचण एवढीच होती की तिचं नाव ते नव्हतं.

ती इथे पहिल्यांदा आली ती दुकानातल्या मशिनींची घरघर डोक्यातून जावी म्हणून. रिकामी खुर्ची दिसली, बसली. मोठीनं चष्म्यावरून बघत विचारलं, "तुझंपण तेच नाव का गं?" खुर्ची इतकी मऊ होती की तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. तिला खोटं बोलायचं नव्हतं, फक्त उठायचं नव्हतं.

मग सवय लागली. घरी मुलगा "आई, चहा" म्हणायचा, सून "अहो, ऐकलंत का" आणि गिऱ्हाइकं नुसतंच "झालं का?" इथे मात्र तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली असायची. "या नावाच्या बायका कुणाचं ऐकून घेत नाहीत," असं मोठी प्रत्येक पुस्तक संपलं की म्हणायची. ते डोक्यात घेऊन टेलर एकदा दुकानात गेली आणि पुन्हापुन्हा उसवायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाई, कपडा तेवढाच आहे. तुम्ही वाढलात." रात्रभर तिला वाटत राहिलं, हे आपण नाही बोललो. नाव बोललं.

आणि आता हे ओळखपत्राचं झेंगट. इथल्याच बुद्धिबळप्रेमी मंडळातल्या एकालाही घोडा कसा चालतो ते सांगता आलं नव्हतं. मंडळी पंख्याखाली झोपायला यायची. तेव्हापासून नवे ग्रंथपाल प्रत्येक गटाची खातरी करून घेत सुटले होते.

टेलरला वेगळीच धास्ती होती. मागच्या आठवड्यात ग्रंथपालांनी लाउडस्पीकरवरून तेच नाव पुकारलं होतं, "आपली छत्री काउंटरवर राहिली आहे." टेलर दचकून उठली. बाकीच्या वाचतच राहिल्या. जन्मापासून ऐकलेल्या नावाला माणूस असा दचकत नाही, हे त्यांनी नक्की ताडलं असणार.

ग्रंथपाल टेबलाशी आले. "चला, काढा कार्डं."

"माझं दुसऱ्या पर्समध्ये राहिलं," डॉक्टरीण म्हणाली.

"माझं पत्ता बदलायला दिलंय," कंडक्टर म्हणाली.

"घर बदललंत?"

"घर तेच आहे. पत्ता चुकलाय."

ग्रंथपाल मोठीकडे वळले. "मी मुख्याध्यापिका होते," मोठी म्हणाली. "माझी ओळख आजवर कुणी मागितलेली नाही."

टेलरला तिघींचा हेवा वाटला. नाव खरं असलं की माणूस किती निर्धास्तपणे विसरू शकतो.

"बरं, निदान एकीचं तरी दाखवा," ग्रंथपाल वैतागून म्हणाले. "मी शिक्का घेऊन येतो. नाहीतर हे टेबल पेपर वाचणाऱ्या आजोबांना देतो, आणि तुमची पुस्तकं परत जिथल्या तिथे."

ते गेले. तिघींनी टेलरकडे पाहिलं. तिची पिशवी मांडीवर होती आणि ओळखपत्राचा कोपरा पिशवीतून बाहेर डोकावत होता. तिनं त्यावर हात ठेवला.

संपलं सगळं. दुकान, घर, दुकान.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"नको सांगूस," मोठी पटकन म्हणाली.

"नाही, मला सांगायलाच हवं. माझं..."

"इथेच बसतो ना तो गट?" मागून आवाज आला.

छत्री काखेत मारलेली एक बाई उभी होती. "मागच्या आठवड्यात माझी छत्री इथे राहिली. आज न्यायला आले, तर ग्रंथपाल म्हणाले, तुमच्या नावाच्या बायकांचा आमच्याकडे गटच आहे." तिनं न मागता ओळखपत्र पुढे केलं. "म्हटलं, मला घेता का विचारावं."

मोठीनं ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मग डॉक्टरणीनं वाचलं. कंडक्टरनं तर उलटसुलट करून उजेडात धरलं. न परवडणारा दागिना दुकानात निरखावा, तसं तिघींनी ते नाव निरखलं. टेलर बघतच राहिली.

तिकडून ग्रंथपाल शिक्का घेऊन येताना दिसले. मोठी उठली आणि तिनं स्वतःची खुर्ची त्या बाईसाठी मागे ओढली.

"बसा हो, बसा," ती हळूच म्हणाली. "आमच्यात एक तरी खरी हवीच होती."