चिमीला दाखव

दादाने वर्तमानपत्राची गुंडाळी शिलाई मशीनवर ठेवली आणि हलक्या हाताने उलगडली. आत देठासकट दोन गुलाब होते. गुलाबी, गुबगुबीत, सकाळीच नर्सरीतून आणलेले.

"ओळख," तो म्हणाला.

धाकट्या बहिणीने मशीनवरचा पाय थांबवला. तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, एक फूल नाकाशी नेलं आणि परत ठेवून दिलं.

"हा आईचा नव्हे."

"ते मलाही कळतं गं, चिमे. पण तू हो म्हण." दादाने स्टूल पुढे ओढलं. "आईने डोकं उठवलंय. नजर गेली, पण हट्ट काही गेला नाही. खिडकीखाली तिला तिचाच गुलाब पाहिजे. मी आणतो, ती हुंगते आणि म्हणते, हा नव्हे. नर्सऱ्या पालथ्या घातल्या मी. शेवटी काल म्हणाली, मला नको विचारूस, चिमीला दाखव. ती हो म्हणाली तर मी मानेन."

"आणि आपल्या दारचं झाड?"

"गेलं." दादा गळून पडलेलं एक बटण बोटाने फिरवत राहिला. "गाडीसाठी अंगणात फरशी घातली ना. गवंड्याने मुळाशी सिमेंट ओतलं."

"गवंड्याने ओतलं की तू ओतायला लावलंस?"

"उलटतपासणी नको आता. फोन लावतो, एकच शब्द सांग. म्हातारीचा जीव शांत होईल."

"म्हातारीचा की तुझा?" चिमी उठली. "ये मागे."

मागच्या दारी पाण्याची टाकी होती, धुण्याचा दगड होता आणि पलीकडे भिंत. त्या भिंतीला टेकून झाड उभं होतं, दादाच्या डोक्याच्याही वर गेलेलं. दादाला वाकून वास घ्यावा लागला नाही, वास त्याला दारातच भेटला. फुलं माना खाली घालून होती. पाकळ्या दाटीवाटीने चार भागांत दुमडलेल्या आणि मधोमध हिरवं बटण. त्याने एका फुलाला हात लावला मात्र, सगळ्या पाकळ्या तळव्यात उतरल्या. या फुलाची ती जुनी खोड.

"हा कुठून आणलास?" माहीत असूनही त्याने विचारलं.

"तूच दिलास की. लग्न करून निघाले तेव्हा, ओल्या फडक्यात गुंडाळून."

दादाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. साऱ्या गल्लीत हा गुलाब त्यांच्याच दारी होता. येणारेजाणारे थांबायचे, विचारायचे, आणि दादा खुशाल सांगायचा की असा दुसरीकडे मिळायचा नाही. फांदीचं खालचं टोक तिरकं कापायचं आणि वरचं सरळ, म्हणजे लावताना चूक होत नाही, हे आईने दोघांनाही शिकवलं होतं. बहिणीच्या काड्या त्याने मन लावून कापल्या होत्या. सगळ्या उलट्या. नाही म्हणायचा वाईटपणाही नको आणि तिच्या दारी गुलाबही नको.

"लागल्या का सगळ्या?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"लागल्या. टोकांची जरा गडबड झाली होती. तू घाईत होतास ना तेव्हा." गिऱ्हाइकाची मापं चुकली तर चिमी अशाच आवाजात त्याची समजूत घालत असे.

"घाईच होती," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. आणि तसं म्हटल्यावर तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी करायला हवं म्हणून तो लगबगीने आत गेला आणि मशीनवरची मोठी कात्री घेऊन आला.

"ठेव ती! कापडाची कात्री आहे!" चिमी ओरडली. "इतकी वर्षं झाली, नवऱ्याला कागदसुद्धा कापू दिला नाही मी तिने."

दादा ओशाळून हसला. चिमीने स्वयंपाकघरातला चाकू आणला आणि फांद्या उतरवायला बसली. दादाला दाखवत नव्हती, पण त्याच्या डोळ्यांसमोरच कापत होती. खाली तिरकं, वर सरळ. खाली तिरकं, वर सरळ. मग एक चिंधी भिजवून तिने काड्या तिच्यात गुंडाळल्या आणि मधोमध दोरा आवळला.

"तुला कळलं कसं?" दादाने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की त्याचा त्यालाच ओळखू येईना. "टोकं उलटी आहेत ते?"

"मला कुठलं कळतंय? तेव्हा मला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता." चिमीने दोरा दातांनी तोडला. "निघताना आईने फाटकापाशी कानात सांगितलं. म्हणाली, दादाने कापल्यात ना, मग टोकं नको बघूस. काटे बघून लाव. काट्यांची तोंडं कधीही जमिनीकडेच असतात."

नर्सरीतले गुलाब आत मशीनवर तसेच पडले होते.

"ताई, माझे पडदे झाले का?" पुढच्या दारातून कुणीतरी हाक मारली.

"आले, आले!" चिमीने पुडकं दादाच्या हातात दिलं आणि ती लगबगीने निघाली. दारापर्यंत गेली आणि तिने सहज मागे वळून बघितलं. दादा तसाच उभा होता, पुडकं छातीशी धरून.

ती परत आली आणि पुडकं त्याच्या हातातच तिने सुलटं केलं.